सरांनी पुसलेला 'ऑफ्टन'

मित्रांनो, ज्याच्या पोटात सगळ्या जगाचे आवाज राहतात पण स्वतःचा एकही आवाज नसतो, असा मी एक जुना टेपरेकॉर्डर. आज मात्र मी माझ्याच आवाजात बोलणार आहे. आयुष्यात पहिल्यांदाच! तेव्हा मधेमधे खरखर झाली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं, की एका बाईनं चपळ बोटांनी माझ्या पोटात रबरी पट्टा बसवला, माझ्यासमोर 'हॅलो, हॅलो' म्हटलं, आणि मी तेच तिला परत म्हणून दाखवल्यावर ती खुदकन हसली. बस्स, त्या हसण्यानं मी फुगलो! मला वाटायला लागलं, की जगातलं सगळ्यांत खरं यंत्र मीच. आरसासुद्धा उजव्याचं डावं करतो. मी तेवढंही करत नाही. जे ऐकलं ते बोललं, कमी नाही की जास्त नाही.

१९७६ साली मी हुमनाबादहून निर्ण्याकडं जाणाऱ्या वाटेवरच्या एका मुलींच्या शाळेत आलो. शाळेचं नाव मी सांगणार नाही, आणि का ते तुम्हांला पुढं कळेलच. मला आणायला बिदरला दोघं आली होती. एक इंग्रजी शिकवणारे श्रीनिवासराव सर आणि दुसरी शाळेची आया नागम्मा. बसमध्ये सरांनी मला मांडीवर घेतलं होतं, पण खड्ड्यात गाडी उडाली की मी त्यांच्या हनुवटीवर आदळायचो.

शेवटी नागम्मा म्हणाली, "सर, बस्सु लई उडायलीय. द्या इकडं, लेकरू हाय ते." आणि तिनं मला पदराखाली घेतलं.

कंडक्टरनं डोकावून विचारलं, "क्या है अम्मा, बच्चा है? रोता नहीं?"

"तुझ्यापरीस शहाणा हाय. सांगितल्याबिगर तोंड उघडत न्हाई!"

सगळी बस हसली. त्याच बसमध्ये एक पाहुणा चुकून चढला होता, त्याला खरं तर रेल्वेवर जायचं होतं. त्याला वाट सांगायला जो तो पुढं आला. नागम्मा म्हणाली टेसनु, कंडक्टर म्हणाला इष्टेशन, मागच्या बाकावरचा म्हातारा म्हणाला ठेसन. पाहुणा बरोबर उतरला आणि बरोबर दिशेला चालू लागला. कुणी कुणाचा शब्द सुधारला नाही. मला वाटलं, किती छान मुलूख आहे हा! इथं माझं चांगलं चालेल.

आणि खरंच छान चाललं. शाळेत माझा काय तो थाट! माझ्यासाठी निळ्या कापडाचं झाकण शिवलं. नागम्मा रोज मला मऊ फडक्यानं पुसायची. माझे सेल दमले की ती ते काढून खिडकीत उन्हात वाळत घालायची, पापड घालावेत तसे. दुपारपर्यंत ऊन खाऊन सेलांना पुन्हा थोडा जीव यायचा आणि मी आणखी दोन दिवस बोलायचो.

श्रीनिवासराव सर तेव्हा मला फार आवडायचे, हे खोटं कशाला सांगू? ते वर्गात आले की मुली सरळ बसायच्या, पण भीतीनं नाही. त्यांचा आवाज घट्ट ताकासारखा होता. ते धडा वाचायला लागले की मागच्या बाकावरची जांभईसुद्धा अर्ध्यात थांबायची. १९७७ च्या पावसाळ्यात त्यांनी एक कोरी कॅसेट आणली आणि म्हणाले, "मुलींनो, आज मी वाचतो आणि हा ऐकतो. मी नसलो तरी हा तुम्हांला वाचून दाखवेल."

धडा होता घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याचा. हा म्हातारा दर थोड्या वेळानं आपला चष्मा विसरायचा, आणि तो विसरला की इंग्रजीतला एक साधासा शब्द यायचा. त्याचा अर्थ 'वारंवार'. म्हातारा इतका विसरभोळा होता, की एका धड्यात तो शब्द सात वेळा आला! सर म्हणाले, "ऑफ्टन."

तिसऱ्या रांगेतून एक हात वर गेला. "सर, रेडिओवर तर ऑफन म्हणतेत. मधला ट बोलायचा का गिळायचा?"

वर्ग हसला. सरही हसले. हात वर करणारी ती विमल होती. निर्ण्याच्या बळीरामची थोरली. बळीराम रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा. विमलनं इंग्रजीच्या वहीच्या पहिल्या पानावर बुद्धाचं चित्र चिकटवलं होतं आणि त्याखाली आपलं नाव तीन भाषांत लिहिलं होतं: मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत.

सर म्हणाले, आणि हे सगळं मी माझ्या पोटात नीट भरून घेतलं, "शाबास विमल! बंगलोरचे लोक ट गिळतात. माझे हैदराबादचे मास्तर ट बोलायचे. शब्दकोशात दोन्ही दिलेत. दोन्ही बरोबर. पण या शाळेत आपण माझ्या मास्तरांचा ट चालवायचा. म्हणा, ऑफ्टन!"

"ऑफ्टन!" चाळीस मुली एकदम ओरडल्या. छपरावरची कबुतरं उडाली, तीसुद्धा माझ्यात भरली गेली.

धडा संपल्यावर सरांनी कॅसेट बाहेर काढली. कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांत दोन इवल्या पाकळ्या असतात. त्यांनी पेनाच्या टोकानं त्या कटकन मोडून टाकल्या.

"मोडली कामून, सर?" विमलनं घाबरून विचारलं.

"मोडली नाही, राखली. या पाकळ्या मोडल्या की हिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. आता हा धडा कुणालाच पुसता येणार नाही."

मित्रांनो, मी ते ऐकलं आणि सरांवर पुरता विश्वास टाकला. विमलनंही टाकला.

पुढची दीड वर्षं शाळा सुटल्यावर विमल रोज माझ्यासमोर बसायची. माझ्या जाळीला कान लावायची, एक ओळ ऐकायची, मला थांबवायची, तीच ओळ म्हणायची. तिची जीभ अडली की ती मला नाही, स्वतःलाच रागवायची.

नागम्मा झाडू घेऊन यायची. "ए विमल, जा की गं घरी. आई वाट बघत असंल."

"थांब की अक्का. अजून एकदाच."

"मघाधरनं एकदाच, एकदाच करायलीस. त्याच्या तोंडात एवढा कान घालू नको, चावंल एखाद दिवशी!"

"ह्यो न्हाई चावत. ह्यो आपला माणूस हाय."

आपला माणूस! कारखान्यातल्या बाईच्या हसण्यानंतर माझी एवढी स्तुती कुणी केली नव्हती.

१९७९ च्या जानेवारीत शाळेत एक सूचना लागली. बिदरला कॉलेजात शिकायला आणि वसतिगृहात राहायला तालुक्यातून एका मुलीला जागा मिळणार होती. इंग्रजी वाचन जिचं उत्तम, ती जाणार. विमलनं ती सूचना तीनदा वाचली आणि नागम्माच्या गळ्यातच पडली.

"अप्पा काय म्हणतेत गं तुझे?" नागम्मानं विचारलं.

"म्हणतेत, नंबर आला तर बिदर. न्हाई आला तर उन्हाळ्यापासनं माझ्यासंगं खडीवर चल, म्हणतेत. रागानं न्हाई म्हणालेत, अक्का. रडत म्हणालेत."

त्यानंतर विमल मला इतकं ऐकायला लागली, की सेल सारखे खिडकीत असायचे.

वाचनाचा दिवस आमच्याच शाळेत ठरला. बिदरहून शिक्षण खात्याचे सिद्धलिंगप्पा नावाचे साहेब जीपमधून येणार होते. आता एक गोष्ट मला माहीत होती, जी विमलला माहीत नव्हती. आमच्या शाळेची हेडमास्तरांची जागा रिकामी झाली होती, आणि ती कुणाला द्यायची हे या साहेबांच्या शब्दावर होतं. सरांनी साहेबांच्या स्वागताचं भाषण माझ्यासमोर चार वेळा करून पाहिलं होतं. घट्ट ताकासारखा तो आवाज त्या भाषणात पार पाणी झाला होता.

तो दिवस उजाडला. नागम्मानं सकाळीच माझ्यात चार नवे कोरे सेल घातले आणि मला टेबलावर ठेवलं. आधी दुसऱ्या शाळांच्या दोन मुलींनी वाचलं. मग विमल उठली. तिला त्याच म्हाताऱ्याच्या धड्यातला शेवटचा उतारा वाचायचा होता. काय वाचलं तिनं! म्हातारा चष्मा शोधायला लागला तर समोरचे लोक आपापल्या खिशात हात घालायला लागले. एवढ्यात तो शब्द आला. ऑफ्टन.

"थांब माँ, थांब." साहेबांनी हात वर केला. "क्या बोली? ऑफ्टन? ट कशाला बोलतीस? ट गप बसतो तिथं. कौन सिकाया तुजे?"

हॉलमध्ये हशा पिकला. विमलसुद्धा हसली. तिला कसली भीती? तिनं सरांकडं पाहिलं. "सरांनी शिकवलंय, साहेब. दोन्ही बरोबर हायेत म्हणालेत."

साहेब वळले. "काय मास्तर? तुम्ही?"

सर उभे राहिले. आता ते सांगतील, मला वाटलं. हैदराबादच्या मास्तरांचं सांगतील, शब्दकोशाचं सांगतील. एकच वाक्य तर बोलायचं होतं!

"छे छे, साहेब!" सर म्हणाले. "मी ऑफनच शिकवतो. या मुली घरून, वस्तीवरून काहीबाही उचलून आणतात. आपण तरी किती सुधारणार?"

हॉल पुन्हा हसला. या वेळी विमल हसली नाही. तिनं पुस्तक छातीशी धरलं. मग हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "सर, माझ्या घरात इंग्रजी कोण बोलतंय? माझा बाप तर अंगठा लावतोय."

मग तिनं माझ्याकडं बोट दाखवलं.

"टेप लावा की सर," ती म्हणाली. "टेपमध्ये हाय सगळं."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. सर घाईघाईनं म्हणाले, "सेल संपलेत, साहेब."

दारातून नागम्मा बोलली, "सकाळीच नवं घातलीत की सर. चार."

"नागम्मा! साहेबांना पाणी आण आधी."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "जेवण होऊ दे. मग ऐकू तुमची टेप."

मित्रांनो, त्या अर्ध्या तासात मी किती खुशीत होतो म्हणून सांगू! सर चुकले, घाबरले, चला, माणूस आहे. पण मी आहे ना! मी बोलेन, तो धडा, तो प्रश्न, ते शाबास, त्या चाळीस मुली, ती कबुतरंसुद्धा! विमलनं जेवायला जाताना माझ्या झाकणावरून हात फिरवला. तिच्याही मनात तेच असणार.

ती गेली आणि सर आले. त्यांनी मला उचलून सामानाच्या खोलीत नेलं, आतून कडी लावली. औषधांच्या पेटीतून चिकटपट्टी काढली. तिचे दोन तुकडे कापले. कॅसेट बाहेर काढून त्यांनी पाठीवरच्या दोन भोकांवर ते तुकडे चिकटवले. मोडलेल्या पाकळ्यांची जागा बुजली. कॅसेटला वाटलं, आपण पुन्हा कोरी झालो. मग त्यांनी माझी दोन बटणं एकदम दाबली.

तुम्हांला ठाऊक नसेल, माझ्या पोटात फीत आधी पुसणाऱ्या लोखंडावरून जाते आणि मग आवाज भरणाऱ्या लोखंडावरून. म्हणजे मी आधी विसरतो आणि नंतर ऐकतो. सर तोच धडा पुन्हा वाचत होते आणि माझ्यातून एकेक गोष्ट निघून जात होती. 'ट बोलायचा का गिळायचा' गेलं. 'शाबास विमल' गेलं. 'दोन्ही बरोबर' गेलं. चाळीस मुली गेल्या. त्यांच्या जागी सर सात वेळा म्हणाले, ऑफन, ऑफन, ऑफन. मला ओरडता आलं असतं तर मी शाळा गोळा केली असती. पण नागम्मा बसमध्ये म्हणाली होती तसाच मी. सांगितल्याशिवाय तोंड न उघडणारा.

जेवणं झाली. मला टेबलावर ठेवलं. सरांनी बटण दाबलं, आणि मी बोललो. सरांच्याच आवाजात, स्पष्ट, चांगल्या नव्या सेलांच्या जोरावर बोललो, "ऑफन."

सरांनी सुस्कारा सोडला. विमल पुढं झुकून ऐकत होती. मी पुन्हा बोललो, ऑफन. ती सरांकडं पाहतच नव्हती, मित्रांनो. ती माझ्याकडं पाहत होती.

आणि तेवढ्यात, म्हातारा तिसऱ्यांदा चष्मा शोधत असताना, सरांच्या आवाजामागून माझ्यातून आणखी एक आवाज आला. सामानाच्या खोलीची खिडकी उघडी होती, ते सरांच्या लक्षातच आलं नव्हतं. तो नागम्माचा आवाज होता: "ए पोरींनो, साहेबाच्या जीपला हात लावू नका गं! हॉर्न कोण वाजवायलंय?" आणि पाठोपाठ पोंऽऽ!

दोन-तीन लहान मुली फिस्सकन हसल्या. मग कुणीच हसलं नाही. दीड वर्षापूर्वीच्या धड्यात आजची जीप कुठून आली? साहेबांनी खिडकीतून आपल्या जीपकडं पाहिलं. मग सरांकडं पाहिलं. सरांनी जमिनीकडं पाहिलं. सगळ्यांना सगळं कळलं होतं. हॉलमध्ये असा एकही माणूस नव्हता, ज्याला कळलं नव्हतं!

आता, मला वाटलं. आता कुणीतरी बोलेल.

"बास," साहेब म्हणाले. "बंद करा मशीन."

विमल उठली. "साहेब, माझ्या शेवटच्या पाच ओळी राहिल्यात."

"वाच."

तिनं वाचल्या. एकही शब्द सांडला नाही. शेवटच्या ओळीत तो शब्द होता. तिथं ती थांबली, सरांकडं वळली आणि म्हणाली, ऑफ्टन. ट असा वाजला, की मला वाटलं पाटीवर खडू मोडला. मग ती जागेवर जाऊन बसली.

निकाल लावायच्या आधी साहेब आणि सर ऑफिसात बसले. मी तिथंच कपाटावर होतो.

"ये क्या किए मास्टर साब?" साहेब हळू म्हणाले.

"साहेब, सगळ्यांसमोर मला काय सुचलं नाही..."

"पोरगी चांगली वाचली. सगळ्यांत चांगली." साहेबांनी निकालाचा कागद पुढं ओढला. "पण आता तिला नंबर दिला, तर तुम्ही खोटं बोललात असं मीच लिहून दिल्यासारखं होईल. शाळेचं नाव जाईल. जाऊ द्या. लहान आहे, विसरून जाईल."

बिदरची जागा दुसऱ्या शाळेच्या मुलीला मिळाली. पावसाळ्यात सर हेडमास्तर झाले. आणि विमल दहावीची परीक्षा देऊन उन्हाळ्यात खडीवर गेली.

वाचन झालं त्याच संध्याकाळी नागम्मा फडकं घेऊन माझ्यापाशी आली होती. "तू बी त्यांचाच की रे," ती म्हणाली. फडकं खांद्यावर टाकलं आणि न पुसताच निघून गेली. तिनं मला पुन्हा कधीच पुसलं नाही. धुळीचा मला राग नाही. पण मला तिला सांगायचं होतं, अक्का, मी चावलो नाही गं, माझ्याकडून चाववून घेतलं.

त्यानंतर पाच-सहा वर्षं नव्या नव्या मुली माझ्यासमोर बसल्या आणि ऑफन शिकून गेल्या. ऑफन चुकीचं नव्हतंच. पण 'दोन्ही बरोबर' हे त्यांना कुणी सांगितलं नाही. जीपच्या हॉर्नच्या आधी सर मला बंद करायचे. मग माझा पट्टा सैल पडला, आवाज जाड झाला आणि मी तुटक्या नकाशांबरोबर कपाटात गेलो. आज तिथूनच बोलतोय. मध्ये एकदा कपाटाबाहेर नागम्मा कुणाला तरी सांगत होती, की विमल आता मैलूरला सासरी असते, शिवणकाम करते, आणि गल्लीतल्या पोरींना संध्याकाळी इंग्रजी वाचायला शिकवते. कुठला उच्चार शिकवते, ते नागम्मानं सांगितलं नाही.

मित्रांनो, तुम्हांला वाटेल, आता हा म्हणणार, माझी धूळ झटका, मला नवा पट्टा बसवा. नको. पट्टा बसवलात तरी माझ्यात जे भरलंय तेच मी बोलणार. त्या हॉलमध्ये दीडशे माणसं होती. त्यांतल्या चाळीस मुलींनी स्वतःच्या तोंडानं ऑफ्टन म्हटलं होतं. सरांनी शिकवलं, हे विमलशिवाय त्यांच्यातल्या आणखी एकीनं जरी उठून सांगितलं असतं, तरी माझी गरजच पडली नसती. त्या गप्प बसल्या आणि सगळ्यांनी एका यंत्राकडं पाहिलं.

माझं तोंड दोन बटणांत होतं. तुमचं तसं नाही. उद्या तुमच्या वर्गात एखादी उभी राहून म्हणाली, की मला असंच शिकवलं होतं, आणि ते खरं असलं, तर तिला एकटीला उभी ठेवू नका. टेपची वाट बघू नका. उठा आणि म्हणा, व्हय, आम्हीबी ऐकलंय.